मतदारांपुढे हिशेब: राम नाईक यांच्या लोकसेवेची साडेचार दशके

मुंबई : लोकप्रतिनिधीने निवडणुकीच्या वेळी मते मागावीत आणि पाच वर्षांनी पुन्हा दारात यावे, ही भारतीय राजकारणातील रूढ पद्धत. उत्तर मुंबईचे माजी खासदार, माजी केंद्रीय पेट्रोलियममंत्री आणि उत्तर प्रदेशचे माजी राज्यपाल राम नाईक यांनी या पद्धतीला एक पुरवणी जोडली. ती म्हणजे दरवर्षी छापील कार्यवृत्त. आमदार असताना त्याचे नाव 'विधानसभेत राम नाईक' असे होते. खासदार झाल्यावर ते 'लोकसभेत राम नाईक' झाले. लागोपाठ दोन निवडणुकांत पराभव झाल्यानंतरही ते बंद पडले नाही आणि 'लोकसेवेत राम नाईक' या नावाने निघत राहिले. लखनौला गेल्यानंतर त्याचा मथळा 'राजभवन में राम नाईक' असा झाला. बदलत गेलेली ही चार नावे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे टप्पे सांगतात. शहरी लोकप्रतिनिधीच्या कामाचे मोजमाप कशाने करावे आणि निवडणुकीच्या राजकारणाबाहेर पडल्यावरही त्याने लोकसेवेत का राहावे, या दोन प्रश्नांचा विचार करताना ही कारकीर्द उपयोगी ठरते.

फलाटावरून सुरुवात

राम नाईक यांचा जन्म १६ एप्रिल १९३४ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण आटपाडीत झाले. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी आणि मुंबईच्या किशिनचंद चेलाराम महाविद्यालयातून कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. महालेखापाल कार्यालयात लिपिक म्हणून त्यांनी नोकरीला प्रारंभ केला. पुढे एका खासगी पोलाद कंपनीत ते कंपनी सचिव आणि मुख्य लेखापाल या पदापर्यंत पोहोचले. हिशेब लिहिणे आणि तपासणे हा त्यांचा व्यवसायच होता. त्यांच्या पुढील सार्वजनिक कामावर या सवयीची छाप स्पष्ट दिसते.

पश्चिम उपनगरांत राहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्या लाखो चाकरमान्यांप्रमाणे त्यांचाही दिवस लोकलच्या प्रवासाने सुरू होई. १९६४ मध्ये त्यांनी 'गोरेगाव प्रवासी संघ' स्थापन केला. गाड्यांची अपुरी संख्या, गर्दी, फलाटांवरील गैरसोयी या रोजच्या तक्रारी निवेदने आणि पाठपुरावा यांच्या मार्गाने रेल्वे प्रशासनापर्यंत नेणे हे या संघाचे काम होते. १९६९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि भारतीय जनसंघाचे मुंबईचे संघटनमंत्री म्हणून पूर्णवेळ काम स्वीकारले.

सलग आठ विजय

आणीबाणीनंतरच्या राजकीय उलथापालथीत १९७८ साली नाईक जनता पक्षाच्या उमेदवारीवर बोरिवलीतून विधानसभेवर निवडून आले. १९८० आणि १९८५ मध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांनी हा मतदारसंघ राखला. त्या काळात बोरिवली परिसर झपाट्याने वाढत होता. दक्षिण आणि मध्य मुंबईतील चाळींतून बाहेर पडणारी मध्यमवर्गीय कुटुंबे, नव्याने वसलेल्या झोपडवस्त्या आणि किनाऱ्यावरील जुनी कोळी गावे, असा एकमेकांपासून भिन्न मतदार एकाच प्रतिनिधीकडे पाहत होता. वार्षिक कार्यवृत्ताची प्रथा याच काळात सुरू झाली.

१९८९ मध्ये ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. व्ही. के. कृष्ण मेनन आणि मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांनी महानगराच्या ज्या उत्तर भागाचे संसदेत प्रतिनिधित्व केले होते, त्याच भागातून ते १९८९, १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९ असे सलग पाच वेळा विजयी झाले. विधानसभेचे तीन विजय धरले तर ही मालिका आठ निवडणुकांची होते. त्यांच्या मतदारसंघात तेव्हा उपनगरांबरोबर वसईचा पट्टाही होता. त्यामुळे रेल्वे, पाणी आणि मासेमारी हे तिन्ही विषय त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी राहिले.

विरोधी बाकावरील काम

लोकसभेतील पहिल्या दशकात नाईक बहुतांश काळ विरोधी बाकावर होते. सत्ता नसतानाही संसदीय आयुधांचा चिकाटीने वापर केल्यास काय साधता येते, याची काही उदाहरणे या काळात आढळतात.

पहिले उदाहरण संसदेतील राष्ट्रगीताचे. सभागृहात राष्ट्रगीत गायिले जावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्याला सर्वपक्षीय मान्यता मिळाली आणि १९९२ च्या हिवाळी अधिवेशनापासून अधिवेशनाच्या प्रारंभी 'जन गण मन' आणि समारोपाला 'वंदे मातरम्' ही प्रथा सुरू झाली. दुसरे उदाहरण बालकांच्या पोषणाशी निगडित आहे. स्तनपानाला प्रोत्साहन मिळावे आणि डबाबंद शिशुआहाराच्या जाहिरातबाजीला आळा बसावा, यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. सरकारने त्यामागील हेतू स्वीकारला आणि १९९२ मध्ये यासंबंधीचा कायदा झाला. अशासकीय विधेयके सहसा चर्चेच्या टप्प्यापलीकडे जात नाहीत, हे लक्षात घेता ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

तिसरे उदाहरण खासदार निधीचे आहे. मतदारसंघातील छोट्या सार्वजनिक कामांसाठी खासदाराला निधी सुचविता यावा, या मागणीच्या पुरस्कर्त्यांमध्ये नाईक आघाडीवर होते. तत्कालीन पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी डिसेंबर १९९३ मध्ये ही योजना जाहीर केली. ती वादातीत मात्र राहिली नाही. कायदे करणाऱ्याने खर्चाच्या अंमलबजावणीत पडावे का, असा मूलभूत आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये योजनेची घटनात्मक वैधता मान्य केली.

'बॉम्बे' आणि 'बंबई' ही नावे जाऊन सर्व भाषांत 'मुंबई' हे एकच नाव वापरले जावे, या मागणीचा त्यांनी संसदेत पाठपुरावा केला. १९९५ मध्ये राज्यात सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात हा बदल प्रत्यक्षात आला. १९९५-९६ मध्ये ते संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. शासकीय खर्चाची छाननी करणारी ही समिती पूर्वाश्रमीच्या लेखापालाला साजेशीच होती. तत्पूर्वी १९९४ च्या सुमारास त्यांनी कर्करोगाशी यशस्वी झुंज दिली होती. त्यातून बरे होऊन त्यांनी आणखी तीन लोकसभा निवडणुका जिंकल्या.

रेल्वे आणि पेट्रोलियम

१९९८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळात नाईक रेल्वे राज्यमंत्री झाले. प्रवासी संघाच्या कार्यकर्त्याकडे चौतीस वर्षांनी रेल्वे मंत्रालयातील जबाबदारी आली. या काळातील सर्वांत दूरगामी निर्णय म्हणजे जुलै १९९९ मध्ये झालेली मुंबई रेल्वे विकास महामंडळाची स्थापना. उपनगरी वाहतुकीच्या विस्ताराची जबाबदारी रेल्वेची की राज्याची, या वादात मुंबईचे प्रकल्प वर्षानुवर्षे अडत असत. महामंडळात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के वाटा ठेवण्यात आला. त्यामुळे खर्च आणि निर्णय या दोन्हींची विभागणी निश्चित झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुढे राबविण्यात आलेला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प याच महामंडळामार्फत उभा राहिला. रेल्वे स्थानकांवरील विडी-सिगारेटची विक्री थांबविण्याचा निर्णयही त्यांच्याच कार्यकाळातील आहे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांच्याकडे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू खाते आले आणि मे २००४ पर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा स्वयंपाकाच्या गॅसजोडणीसाठी देशभरातील प्रतीक्षायादी एक कोटीहून अधिक नावांची होती. गॅसजोडणीसाठी खासदाराच्या शिफारसपत्राची वाट पाहणे, हा शहरी मध्यमवर्गाचा तेव्हाचा सर्वसाधारण अनुभव होता. ही यादी निकालात निघाली आणि मागेल त्याला जोडणी मिळू लागली. डोंगराळ भागातील आणि अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी पाच किलोचा सिलिंडर बाजारात आला. कारगिल युद्धातील ४३९ हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना पेट्रोलपंप अथवा गॅस वितरणाची केंद्रे देण्यात आली.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या आजच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची पायाभरणीही याच काळात झाली. २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड तसेच उत्तर प्रदेशातील बरेली परिसरात प्रायोगिक प्रकल्प राबविण्यात आले. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा निर्णय लागू झाला. प्रारंभीच्या अंमलबजावणीत पुरवठ्याच्या अडचणी आल्या. तथापि महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या दोन्ही ऊस उत्पादक राज्यांचे अर्थकारण इंधनाशी जोडणारे धोरण म्हणून त्याचे महत्त्व पुढील दोन दशकांत वाढत गेले. 'ओएनजीसी विदेश'ने २००१ मध्ये रशियातील सखालीन-१ प्रकल्पात २० टक्के आणि २००३ मध्ये सुदानमधील तेलक्षेत्रात २५ टक्के वाटा घेतला, तोही याच कार्यकाळात.

वादाची बाजू

या कारकिर्दीचा ताळेबंद मांडताना २००२ मधील पेट्रोलपंप वाटपाचा वाद वगळता येत नाही. पेट्रोलपंप आणि गॅस वितरणाच्या केंद्रांच्या वाटपात सत्ताधारी पक्षांशी संबंधित व्यक्ती व त्यांच्या नातलगांना झुकते माप मिळाल्याचे आरोप त्या वर्षी वृत्तपत्रांतून झाले आणि संसदेत गदारोळ उडाला. निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील मंडळांनी ही निवड केली होती, अशा शब्दांत मंत्रालयाने प्रक्रियेचे समर्थन केले. तथापि ऑगस्ट २००२ मध्ये वाजपेयी यांनी जानेवारी २००० नंतरची तीन हजारांहून अधिक वाटपे सरसकट रद्द करण्याचा निर्णय घेतला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षाअखेर सरसकट रद्दीकरणाचा आदेश रद्दबातल ठरविला. ज्या चारशेहून अधिक प्रकरणांवर प्रत्यक्ष आरोप होते, ती तपासण्यासाठी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. पुढे त्यांपैकी बरीच वाटपे रद्दही झाली. निवड मंडळांवर सोपविलेल्या कामाची राजकीय जबाबदारी अखेर मंत्र्याकडेच येते, हा या प्रकरणाचा धडा होता.

हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीबाबत नाईक यांनी मंत्रिमंडळातच वेगळी भूमिका घेतली होती. या कंपन्या संसदेच्या कायद्यांनी राष्ट्रीयीकृत झाल्या असल्याने कायद्यात दुरुस्ती केल्याशिवाय त्यांचे खासगीकरण करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००३ मध्ये दिला.

कामाचा कौल आणि मतांचा कौल

एवढी नोंद पाठीशी असताना २००४ च्या लोकसभा निवडणुकीत नाईक पराभूत झाले. काँग्रेसने त्यांच्यासमोर अभिनेते गोविंदा यांना उभे केले होते. गोविंदा यांनी सुमारे ४८ हजार मतांनी विजय मिळविला. पाच वेळा निवडून आलेल्या केंद्रीय मंत्र्याचा राजकारणात नवख्या असलेल्या चित्रपट कलावंताकडून झालेला हा पराभव देशभर चर्चेचा विषय ठरला. पुढील काळात गोविंदा यांच्या लोकसभेतील अत्यल्प उपस्थितीवर टीका झाली आणि २००९ मध्ये ते रिंगणात नव्हते.

२००९ मध्ये ७५ वर्षांचे नाईक पुन्हा उभे राहिले. या वेळी काँग्रेसचे संजय निरुपम यांनी त्यांचा ५,७७९ मतांनी पराभव केला. नव्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराने घेतलेली जवळपास दीड लाख मते या निकालात निर्णायक ठरली. कामाची नोंद आणि मतांची बेरीज या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेने जात नाहीत, हे या दोन निकालांनी दाखविले. मतदारसंघांची फेररचना, लोकसंख्येतील बदल, मतविभागणी आणि उमेदवाराची लोकप्रियता यांचाही कौल ठरविण्यात वाटा असतो. २०१३ मध्ये त्यांनी यापुढे निवडणूक न लढविण्याचा निर्णय जाहीर केला.

पदाविना दहा वर्षे

२००४ ते २०१४ या काळात नाईक यांच्याकडे कोणतेही शासकीय पद नव्हते. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग तुलनेने कमी चर्चिला जातो. लोकसेवेत टिकून राहण्याच्या त्यांच्या दाव्याला सर्वाधिक बळ मात्र याच काळातून मिळते.

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे विस्थापित झाली. तेथील शेतकरी व मच्छीमारांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नात नाईक यांनी मुंबई उच्च न्यायालयात स्वतः उभे राहून बाजू मांडली. वकिलीची पदवी घेतल्यानंतर अर्धशतकाने ती अशा रीतीने उपयोगी पडली. कुष्ठरुग्णांच्या प्रश्नांशी त्यांचा संबंध बोरिवलीतील आमदारकीच्या काळापासूनचा. कुष्ठपीडितांना समान हक्क आणि पुनर्वसन मिळावे, यासाठी राज्यसभेच्या याचिका समितीकडे करण्यात आलेल्या याचिकेत त्यांनी पुढाकार घेतला आणि २००८ मध्ये समितीने शिफारशींसह अहवाल सादर केला. याचिका समिती हे कोणत्याही नागरिकाला खुले असलेले, परंतु क्वचितच वापरले जाणारे संसदीय दालन. सभागृहाबाहेर पडलेल्या सदस्याने त्याचा वापर करून घेतला.

विरारपलीकडे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल धावावी, ही पालघर पट्ट्यातील प्रवाशांची जुनी मागणी होती. नाईक यांनी मंत्री असताना आणि नंतरही तिचा पाठपुरावा केला. चर्चगेट ते डहाणू लोकल एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते.

लखनौचे राजभवन

२२ जुलै २०१४ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, नाईक यांनी उत्तर प्रदेशच्या राज्यपालपदाची शपथ घेतली. 'महामहिम' या संबोधनाऐवजी 'माननीय' म्हणावे, असे त्यांनी सुचविले. सामान्य नागरिकांच्या भेटीगाठी, कुलपती या नात्याने विद्यापीठांचे दीक्षान्त समारंभ वेळेवर व्हावेत यासाठीचा आग्रह आणि वार्षिक कार्यवृत्त ही त्यांच्या कार्यकाळाची वैशिष्ट्ये ठरली. राज्यपाल कोणत्याही मतदारसंघाला उत्तरदायी नसतो. तरीही त्यांनी दरवर्षी पत्रकार परिषदेत कामाचा अहवाल सादर केला.

पहिली अडीच वर्षे राज्यात अखिलेश यादव यांचे सरकार होते. लोकायुक्तांच्या नियुक्तीची फाईल राज्यपालांनी वारंवार परत पाठविली आणि अखेर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सोडविला. विधान परिषदेवर नामनियुक्त करावयाच्या काही नावांनाही त्यांनी हरकत घेतली. समाजवादी पक्षाच्या नेत्यांनी त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. आपण घटनेच्या चौकटीत वागत असल्याची नाईक यांची भूमिका होती.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या कार्यकाळातील दोन गोष्टी विशेष आहेत. २४ जानेवारी १९५० रोजी संयुक्त प्रांताचे नाव उत्तर प्रदेश झाले. मुंबईतील उत्तर भारतीय हा दिवस साजरा करीत असत, खुद्द राज्यात मात्र त्याचा शासकीय समारंभ होत नव्हता. नाईक यांच्या सूचनेनुसार योगी आदित्यनाथ सरकारने २०१८ पासून 'उत्तर प्रदेश दिवस' सुरू केला. त्याच वर्षी राज्याच्या शासकीय दप्तरात 'डॉ. भीमराव रामजी आंबेडकर' असे पूर्ण नाव लिहिण्याचा आदेश निघाला. संविधानाच्या मूळ प्रतीवरील डॉ. आंबेडकरांच्या स्वाक्षरीचा दाखला नाईक यांनी त्यासाठी दिला होता. मधले नाव वडिलांचे असणे ही मराठी माणसाला परिचित असलेली रीत उत्तरेत राजकीय वादाचा विषय झाली आणि विरोधकांनी या आदेशामागील हेतूविषयी प्रश्न उपस्थित केले.

त्यांच्या आठवणींचे 'चरैवेति! चरैवेति!!' हे मराठी पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती आणि संस्कृतसह अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले. जुलै २०१९ मध्ये राज्यपालपदाचा कार्यकाळ पूर्ण करून ते मुंबईला परतले. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्याचे मत्स्यव्यवसाय धोरण ठरविण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोळीवाड्यांचे प्रश्न घेऊन विधानभवनात गेलेल्या आमदाराकडे वयाच्या ८९ व्या वर्षी तोच विषय नव्या रूपात आला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यांना 'पद्मभूषण' जाहीर केले.

लोकसेवेचा निकष

वयोवृद्ध नेत्यांनी नव्या पिढीसाठी जागा करून द्यावी, हा आग्रह सर्वच पक्षांत वाढला आहे आणि निवडणुकीच्या उमेदवारीपुरता तो रास्तही आहे. लोकसंख्येने तरुण असलेल्या देशाच्या सभागृहांत नवे चेहरे यायलाच हवेत. संसदीय कामकाजाचा संचित अनुभव मात्र उमेदवारीबरोबर संपत नाही. कोणत्या समितीकडे कोणता प्रश्न न्यावा, केंद्र आणि राज्य यांच्या सीमेवर अडलेला प्रकल्प कोणत्या मार्गाने पुढे सरकतो, हे जाणणारी माणसे थोडी असतात. याचिका, न्यायालय आणि धोरण समिती या मार्गांनी तो अनुभव कसा उपयोगात येतो, हे नाईक यांच्या निवृत्त्योत्तर कामातून दिसते.

कामाचा वार्षिक अहवाल मतदारांना देण्याची कायदेशीर सक्ती भारतात आमदार-खासदारांवर नाही. असा अहवाल लोकप्रतिनिधी स्वतः लिहितो. त्यामुळे त्यात आत्मस्तुतीचा धोका असतो आणि २००२ सारखे वाद त्यात कितपत उमटतील, हा प्रश्नही राहतो. मात्र छापलेला शब्द तपासता येतो. मांडलेले प्रश्न, खर्च झालेला निधी, पूर्ण झालेले आणि राहिलेले काम यांची पडताळणी नागरिक, विरोधक आणि पत्रकार करू शकतात. महानगरातील मतदाराला आपला प्रतिनिधी वर्षभर काय करतो, हे कळण्याची साधने आजही मर्यादितच आहेत. अशा स्थितीत पद असताना, नसताना आणि बदलल्यानंतरही वर्षाच्या वर्षाला मतदारांपुढे हिशेब ठेवण्याची ही प्रथा कोणत्याही पक्षाच्या लोकप्रतिनिधीला स्वीकारता येण्याजोगी आहे. तिच्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.